मास्तरकीचा मान

गेल्या वर्षी जुलैच्या अखेरीस आमच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितले, "सर, सभागृहासाठी दोन तसबिरी हव्यात. एक लोकमान्यांची आणि एक आगरकरांची. शेजारी शेजारी लावू." मी तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी शाळेत चित्रकलेचा मास्तर आहे. तसबिरी, सुविचारांचे फलक, स्नेहसंमेलनाचे पडदे, विज्ञान प्रदर्शनाच्या पाट्या हे सारे ओघानेच माझ्याकडे येते. मी लगेच कामाला लागलो.

चित्रे अर्धीमुर्धी झाली असता आठवीतील एक मुलगी माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहत राहिल्यावर तिने विचारले, "सर, टिळक पण सर होते?"

"हो. गणिताचे."

"आणि हे दुसरे?"

"तेही सरच. दोघे एकाच शाळेत होते."

"मग त्यांनी शाळा का सोडली?"

एवढ्यात घंटा झाली आणि ती पळाली. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. त्याच दिवशी दुपारी संस्थेच्या कार्यालयातून एक कागद माझ्याकडे आला नसता, तर कदाचित तोही घंटेबरोबर निघून गेला असता. कागदावर टंकलिखित मजकूर होता: येत्या जूनपासून मी 'अंशकालीन निदेशक' म्हणून तासागणिक मानधनावर काम करण्यास राजीखुशीने तयार आहे. खाली सहीपुरती जागा कोरी होती.

माझी थोडी ओळख करून देणे येथे भाग आहे. मी मॅट्रिक. हल्ली या शब्दाला मुले हसतात. दहावी म्हटले की त्यांना कळते. मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका घेतली आणि दुकानांच्या पाट्या रंगवीत शाळेत शिरलो. माझे वय ४६. तीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. त्यांपैकी एक बऱ्यापैकी खपली आणि दोन माझ्या माळ्यावर सुखाने नांदत आहेत. शाळेत मी बावीस वर्षे आहे. शाळेला पुढे टप्प्याटप्प्याने अनुदान मिळाले, पण माझ्या पदाला मान्यता आली नाही. त्यामुळे संस्था देईल ते घ्यायचे, असा शिरस्ता पडला. आरंभीची काही वर्षे पगारपत्रकावर एक आकडा असे आणि हातात दुसराच पडे. तिकिटावर सही करताना मान खाली घालायची, हे मला कोणी शिकवले नव्हते. ती आपोआप खाली जाई.

असो. त्या मुलीला उत्तर द्यायचे, म्हणून मी पुण्याच्या त्या शाळेची हकीकत पुन्हा वाचायला घेतली. खरे तर उत्तर मलाच हवे होते.

ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे सरकारी शाळेत शिक्षक होते. १८७४ साली त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली. पुढे त्यांची रत्नागिरीस बदली झाली आणि अखेर सरकारी नोकरीवर पाणी सोडून ते पुण्यास परतले. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उघडले तेव्हा ते तिशीच्या आत होते. त्यांच्याबरोबर आलेले बळवंतराव टिळक अवघे २३ वर्षांचे होते. त्यांच्यापाशी वकिलीची पदवी होती आणि ती चालवली असती तर पैशाला तोटा नव्हता. पहिल्या वर्षी शास्त्रीबोवा आणि टिळक यांनी पगार म्हणून काही घेतले नाही. माधवराव नामजोशी होते. वामन शिवराम आपटे आले. एम्. ए. होऊन आगरकरही येऊन मिळाले. कॉलेजात असताना आगरकरांनी घोर दारिद्र्य पाहिले होते. मुलगा शिकून मोठ्या पगारावर जाईल, ही आईची आशा आपण पुरी करणार नाही, असे त्यांनी तिला आधीच कळवून टाकले होते.

या कथेत आपण त्यागापाशी थांबतो आणि हात जोडतो. मला मात्र या वेळी दुसरीच एक गोष्ट दिसली. हे मास्तर किती धंदे करीत होते! शास्त्रीबोवांनी शाळेच्याही आधी, १८७८ साली, चित्रशाळा काढली होती. देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची शिळाछापाची चित्रे तेथून निघून घरोघरी भिंतींवर गेली. चित्रकलेच्या मास्तराला ही गोष्ट विशेष जवळची वाटावी यात नवल नाही. पुढे आर्यभूषण छापखाना आला. १८८१ च्या जानेवारीत 'मराठा' आणि 'केसरी' निघाले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले आणि आगरकरांनी त्या दिवसांचेही पुस्तक केले. आपट्यांनी वर्ग सांभाळून संस्कृत-इंग्रजी कोश रचला; तो १८९० साली बाहेर आला. सकाळी खडू, दुपारी शाई, रात्री मुद्रिते, असा यांचा दिनक्रम. एकाच माणसाने पाच कामे अंगावर घ्यावीत ही आजच्या खाजगी शाळेतील रीत पाहिली, की वाटते, आपण त्यांचेच वारस आहोत.

पण वारसा नीट तपासून घ्यावा लागतो. माझ्या बावीस वर्षांत मीही पुष्कळ धंदे केले. शाळेआधी दुकानांच्या पाट्या रंगवीत होतो. पुढे फ्लेक्सचे यंत्र आले आणि तो धंदा बुडाला. मग गणपतीच्या मूर्तींची रंगरंगोटी केली, लग्नपत्रिकांची अक्षरे काढली. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या तेव्हा माझा एक सहकारी हातगाडीवर भाजी विकत होता आणि मी त्याच्या गाडीची पाटी रंगवून दिली. यांपैकी कोणत्याही कामाची मला लाज वाटली नाही. लाज वाटली ती एकदाच. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याच्या घरी लग्न होते. मांडवाची कमान रंगवायला मला धाडण्यात आले आणि शाळेच्या हजेरीपत्रकात माझ्या नावापुढे 'हजर' असे लागले. कमान चांगली झाली, लोकांनी वाखाणलीही. पण त्या दिवशी आठवीचा माझा तास कोणी घेतला नाही आणि मुले मैदानात हिंडत राहिली. ब्रश तोच होता, रंग तेच होते. गाडीची पाटी मी स्वतः होऊन रंगवली होती आणि कमान हुकमावरून, एवढाच काय तो फरक. पण तो फरक मला आजपर्यंत विसरता आलेला नाही.

पुण्याच्या मास्तरांत आणि आम्हांत फरक आहे तो येथेच. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि दुसऱ्या वर्षाच्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज निघाले. संस्थेचा कारभार आजीव सदस्यांच्या मंडळाकडे होता, आणि हे आजीव सदस्य म्हणजेच वर्गावर शिकवणारे शिक्षक. वीस वर्षे सेवा देण्याची शपथ त्यांनी घ्यायची, वेतन माफक, पण वर्ग कसे चालावेत, पैसा कसा खर्चावा, कोणास घ्यावे, हे त्यांनीच एका मेजाभोवती बसून ठरवायचे. खाजगी शाळा या शब्दाचा अर्थ तेव्हा निराळा होता. सरकारची नाही ती खाजगी. आणि सरकारची नाही म्हणजे शिक्षकांची.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. टिळकांनी शाळा का सोडली? सुधारणेवरून वाद झाला, हे आपण परीक्षेत लिहितो, आणि ते खोटे नाही. पण संस्थेच्या आत जे भांडण पेटले त्याचे सरपण अगदी घरगुती होते. ते पगाराचे आणि फावल्या वेळाचे होते. टिळकांचे म्हणणे असे की, आजीव सदस्याने आपली सारी शक्ती संस्थेला द्यावी; बाहेरची कमाईची कामे घेऊ नयेत; मूळ करार त्यागाचा आहे. जेझुइट पाद्र्यांचा आदर्श त्यांच्या डोळ्यांपुढे होता. आगरकर, गोखले आणि दुसऱ्या काही सदस्यांना हे पटत नव्हते. वेतन अपुरे आहे, संसार वाढत आहेत. संस्थेचे काम चोख केल्यावर उरलेला वेळ सदस्याचा स्वतःचा आहे, असे त्यांना वाटे. १८९० साली गोपाळराव गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले आणि ठिणगी पडली. त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला. तो नुसता चार ओळींचा नव्हता. त्यांनी सारी कारणे विस्ताराने लिहून दिली, कोठे काय बिनसले ते मांडले आणि मग ते बाहेर पडले.

मी आजवर या भांडणात मनाने टिळकांच्या बाजूला असे. कोणता मास्तर नसतो? या खेपेला मात्र मला दोन्ही बाजू पटल्या. पोटाला चिमटा घेऊन सर्वस्व द्यावे, ही टिळकांची मागणी त्यांच्या तोंडी शोभत होती, कारण आधी त्यांनी स्वतः ते दिले होते. आणि मास्तरालाही संसार असतो, हे आगरकरांचे म्हणणे दम्याने खंगलेल्या देहातून आले होते. ते वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १८९५ साली गेले. गंमत अशी की, शाळा सोडल्यावर टिळकांनी चरितार्थासाठी कायद्याचे वर्ग चालवले आणि लातूरच्या जिनिंग कारखान्यात भागी घेतली. म्हणजे बाहेर पडल्यावर तेही शिकवणीवाले मास्तरच झाले. यात विसंगती कोणी काढू नये. करारात असेतोवर करार पाळायचा आणि करार सुटल्यावर पोटाची सोय उजळ माथ्याने करायची, हा सरळ व्यवहार आहे.

मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट निराळीच. मास्तराने किती पगार घ्यावा, फावला वेळ कोणाचा, या प्रश्नांवर मास्तरच मास्तरांशी भांडले. वरून कोणी टंकलिखित कागद धाडला नाही. मैत्री तुटली, मने दुखावली, एक जण बाहेर पडला. पण मान कोणाचाही गेला नाही.

पुढच्या पिढीतही ही जात टिकून होती. धोंडो केशव कर्वे १८९१ साली फर्ग्युसनात गणित शिकवायला आले. त्याआधी मुंबईत ते एका शाळेतून दुसऱ्या शाळेत धावत आणि तासांवर पोट भरीत. मग हिंगण्याच्या माळावर विधवांसाठी झोपडी उभी राहिली, तेव्हा तिकडून कॉलेजात पायी येऊन ते गणित शिकवीत राहिले. साने गुरुजी १९२४ ते १९३० अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून वृत्तपत्र काढीत, आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत गेले ते १९३८ पर्यंत तेथे होते. मॅट्रिकनंतर ते फर्ग्युसनात गेले खरे, पण पदवी पदरात पडली नाही. पदवी नसलेल्या या मास्तराने एका खेड्यात शाळा उभी केली, कथा-कादंबऱ्या लिहिल्या, बोलपटही लिहिले आणि १९७४ साली मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून दिले. माझ्यासारख्या मॅट्रिक कादंबरीकाराने हे नाव घेताना हात जोडावेत. मी जोडतो, आणि आमच्या स्टाफरूममध्ये कोणी शिक्षणावरून टोमणा मारला, की ते ढालीसारखे पुढेही करतो.

मग ही जात गेली कोठे? एका वाक्यात उत्तर देता येत नाही. सरकारी अनुदानाची प्रथा १८५४ च्या वुडच्या खलित्यापासूनची. १८८२ च्या हंटर आयोगानेही खाजगी प्रयत्नांना उत्तेजन द्यावे असेच म्हटले. त्याच आयोगापुढे महात्मा फुल्यांनी आपले निवेदन ठेवले आणि गावच्या पंतोजीला दरमहा १२ रुपयांहून कमी पगार नसावा असे मागितले. शिक्षकाच्या पगाराचा आकडा हा शिक्षणाचाच प्रश्न आहे, हे जोतीरावांना तेव्हा दिसले होते. स्वातंत्र्यानंतर खेडोपाडी शाळा निघाल्या, आणि ते हवेच होते. पण पुष्कळ ठिकाणी शाळा काढणारा एक आणि शिकवणारा दुसरा, अशी विभागणी झाली. संस्थाचालक हा शब्द रूढ झाला आणि मास्तर चालवला जाऊ लागला. मेजाभोवतीच्या त्याच्या खुर्चीवर दुसरेच कोणी बसले.

ही खुर्ची परत मिळाली नाही. तिच्याऐवजी कायदा मिळाला. आणि तो फुकट मिळाला असे कोणी समजू नये. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेल्या ५४ दिवसांच्या संपात सरकारी नोकरांबरोबर शिक्षकही उतरले होते. त्याच सुमारास खाजगी शाळांतील नोकरांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. नावात त्याच्या १९७७ आहे आणि अंमल १५ जुलै १९८१ पासून. मन मानेल तेव्हा मास्तराला काढता येणार नाही, रीतसर चौकशी हवी, आणि अन्याय झाला तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येईल, हे त्याने प्रथम सांगितले. ज्यांनी त्याआधीचे दिवस काढले ते वयस्कर शिक्षक या कायद्याचे नाव देवाचे घ्यावे तसे घेत.

परंतु कायद्याला वळसा घालणारे शब्दही पाठोपाठ जन्मास आले. २००० साली 'शिक्षणसेवक' आला: पहिली तीन वर्षे पगार नाही, ठरीव मानधन. पुढच्याच वर्षी 'कायम विनाअनुदानित' हा शब्द आला. त्यातला 'कायम' २००९ साली काढला गेला. २०१६ मध्ये काही शाळांना २० टक्के अनुदान सुरू झाले. शिक्षण हक्काचा कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला. मुलांसाठी तो मोठाच आहे. पण त्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी 'अंशकालीन निदेशक' नेमावेत असे लिहिले आहे. गणिताला शिक्षक, भाषेला शिक्षक, आणि चित्राला निदेशक! माझ्यापुढे आलेल्या कागदावरचा शब्द तेथून आला होता. आणि त्याच कायद्याने शिक्षकाला खाजगी शिकवणी करण्यास बंदी घातली आहे. म्हणजे १८९० च्या वादाचा निकाल जवळजवळ सव्वाशे वर्षांनी टिळकांच्या बाजूने लागला म्हणायचा. फक्त टिळकांच्या करारातला दुसरा अर्धा भाग, म्हणजे मास्तराचा मेजावरचा हक्क, निकाल लिहिताना कोणाच्या लक्षात राहिला नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, मास्तरांनी काळाप्रमाणे बदलावे. बदलतो की! फळ्यावरून मोबाइलच्या पडद्यावर आम्ही आठवड्यात गेलो. जनगणनेला गेलो, निवडणुकीला गेलो, साथीच्या दिवसांत घरोघर नोंदी घ्यायला गेलो. खाजगी शाळेतल्या मास्तराइतका लवचिक प्राणी शोधून सापडणार नाही. वेतसुद्धा लवते, पण लवल्यावर ते पुन्हा उभे राहते. आम्हांला उभे राहायला सवड मिळत नाही, एवढेच गाऱ्हाणे आहे. शास्त्रीबोवांनी छापखाना काढला, आपट्यांनी कोश केला, कर्वे माळावरून चालत आले. ते वाकले ते स्वतः निवडलेल्या कामापुढे. मान असतो तो निवडण्यात. पगार वाढला म्हणून तो आपोआप येत नाही, आणि पगार थोडा आहे म्हणून जातोच असेही नाही. मात्र उपाशी माणसाला निवड करता येत नाही, हे आगरकरांचे म्हणणे शेजारी ठेवूनच पहिले वाक्य वाचावे.

त्या कागदाचे मी काय केले, हे सांगून संपवतो. घरी बायकोने विचारले, "सही नाही केली तर?" मी म्हणालो, "तर कदाचित तासही जातील." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गणपतीच्या कारखान्यात अजून बोलावतात ना तुम्हाला?" एवढे बोलून ती भाकऱ्या थापायला गेली. बावीस वर्षांत मला मिळालेला सर्वांत मोठा धीर तो.

दुसऱ्या दिवशी मी सही न करता कागद परत केला. सोबत माझा अर्ज जोडला. पाट्यांच्या वळणदार अक्षरात मी लिहिले की, जे काम नेमून द्याल ते करीन. मुलांचे तास बुडू देणार नाही. परंतु बावीस वर्षे मी शिक्षक म्हणून शिकवले आहे. ते नाव व त्याबरोबरची सेवा कमी करावयाची असल्यास कारण लेखी कळवावे. कारणे विस्ताराने लिहावीत, हे मी १८९० च्या राजीनाम्यावरून शिकलो. फरक इतकाच की ते सोडून जाण्यासाठी लिहीत होते आणि मी राहण्यासाठी.

अर्जाचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. जून आला आणि गेला; तास चालू आहेत. तसबिरी सभागृहात लागल्या आहेत. ती मुलगी आता नववीत गेली. मधल्या सुट्टीत ती भेटली तेव्हा मी तिला सारी हकीकत सांगितली. पगाराचे भांडणही सांगितले. तिने दोन्ही तसबिरींकडे पाहिले आणि विचारले, "म्हणजे सर लोक पण भांडतात?"

"भांडावे लागते," मी म्हणालो, आणि घंटा होण्याच्या आत वर्गावर गेलो.